तपासणीच्या खोलीत जाताना
(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या आरोग्य शिबिरातील भाषण)



आजच्या सत्राला 'सोनोग्राफी, एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय' असं नाव दिलं आहे. नावं इंग्रजी असली तरी आता ती आपल्या घरातली झाली आहेत. वस्तीतली, पाड्यावरची बाईसुद्धा 'माझी सोनोग्राफी झाली' असं सहज सांगते. पण पुढे विचारलं, कशाची केली, कशासाठी केली, त्यात काय निघालं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, 'डॉक्टरांनी सांगितली म्हणून केली. रिपोर्ट मालकांकडे आहे.' शरीर आपलं, तपासणी आपली आणि माहिती मात्र दुसऱ्याच्या खिशात. हे कसं बदलायचं, याबद्दल मी आज बोलणार आहे.

यंत्रांना घाबरवण्यासाठी मी आलेली नाही. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला तर सोनोग्राफीमुळे बाईचा जीव वाचतो. छातीच्या एक्स-रेमुळे क्षयाचा संशय लवकर येतो. डोक्याला मार लागला तर सीटी स्कॅन काही मिनिटांत आतला रक्तस्राव दाखवतो. अशा वेळी बाईची तपासणी पैशांसाठी किंवा 'होईल बरं' म्हणून टाळली जाते, हाही अन्यायच आहे.

आपल्या चळवळीचं या यंत्रांशी जुनं नातं आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या आणि राज्यातल्या गटांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध मोहीम उघडली आणि १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला, १९९६ पासून तो लागू झाला. अंमलबजावणी होत नाही म्हणून सेहत आणि मासूम या संस्था व डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ साली कायदा अधिक कडक झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. तेव्हा सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला गर्भलिंगनिदान आठवतं ते बरोबरच आहे. पण बाईचं शरीर म्हणजे फक्त गर्भ नाही. म्हणून आज थोडं व्यापक बोलू.

कुठल्या तपासणीत काय होतं?

सोनोग्राफीपासून सुरुवात करू. यात कानाला ऐकू न येणारे ध्वनितरंग वापरतात, क्ष-किरण नसतात. पोटावर गार जेल लावतात आणि त्यावरून एक उपकरण फिरवतात. दुखत नाही. पित्ताशय, यकृत बघायचं असेल तर साधारण सहा तास उपाशी राहायला सांगतात. ओटीपोट, म्हणजे गर्भाशय आणि बीजांडकोश, पोटावरून बघायचं असेल तर भरपूर पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागते. भरलेल्या मूत्राशयातून मागचं नीट दिसतं. आता गंमत बघा. गावाहून येणारी बाई एसटी स्टँडवर बरी मुतारी नसते म्हणून वाटेत पाण्याचा घोट घेत नाही. दवाखान्यात आल्यावर तिला दोन लिटर पाणी प्यायला लावतात आणि दोन तास बाकावर बसवतात. अशा वेळी 'आता धरवत नाही' हे मोठ्यानं सांगायला लाजू नका. नंबर केव्हा लागेल हे विचारून मगच पाणी प्यायला सुरुवात करा.

दुसरी सोनोग्राफी योनीमार्गातून करतात. तिच्याबद्दल आपल्याला कोणी आधी सांगत नाही. बाई टेबलावर झोपते आणि एकदम 'पाय वर घ्या' म्हणतात. असं व्हायला नको. या तपासणीत लघवी करून मूत्राशय रिकामं ठेवायचं असतं. बोटापेक्षा थोडं जाड उपकरण, त्यावर नवा निरोध आणि जेल लावून आत घालतात. थोडं अवघडल्यासारखं होतं, फार दुखायला नको. दुखलं तर 'थांबा' म्हणा. थांबावं लागतं. हवं तर उपकरण मी स्वतः आत घेते असंही म्हणता येतं. नको असेल तर पोटावरून करा म्हणता येतं. चित्र कदाचित तितकं स्पष्ट येणार नाही, पण ते समजून घेऊन निवड आपण करायची. इथे 'लग्न झालंय का' असं विचारतात. खरं तर विचारायला हवं, 'पूर्वी शरीरसंबंध आलाय का, आणि ही तपासणी तुला चालेल का?' आणि तेही सासूला किंवा आईला बाहेर पाठवून.

आता एक्स-रे. १८९५ साली राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञानं क्ष-किरण शोधले आणि पहिलं गाजलेलं चित्र काढलं ते स्वतःच्या बायकोच्या हाताचं. बोटातली अंगठीसुद्धा त्यात दिसते. या किरणांचा मारा शरीरावर होतो म्हणून ते कारणाशिवाय वापरू नयेत. पण प्रमाण समजून घ्या. छातीच्या एका एक्स-रेत जेवढे किरण मिळतात तेवढे निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतातच. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र दोन-तीन वर्षांत मिळावेत तेवढे एकदम मिळतात. म्हणून जुनी फिल्म जपून ठेवायची आणि डॉक्टर बदलले की आधी ती दाखवायची. नाहीतर तीच तपासणी पुन्हा होते, किरण पुन्हा आणि पैसेही पुन्हा.

पाळी चुकली असेल, दिवस गेल्याची शंका असेल, तर एक्स-रे किंवा सीटीच्या आधी सांगायलाच हवं. पण एक उलटी बाजूही आहे. दिवस गेल्याचं कळण्याआधी छातीचा किंवा हाताचा एक्स-रे झाला म्हणून घाबरून गर्भपात करायची गरज नसते. गर्भापर्यंत पोचणारे किरण तिथे अगदी नगण्य असतात. तज्ज्ञ डॉक्टरांना विचारा, शेजारणीला नको.

सीटी स्कॅनमध्ये मोठ्या कड्यासारख्या यंत्रातून टेबल पुढेमागे सरकतं. काम थोड्या मिनिटांत संपतं. काही वेळा शिरेतून औषध देतात, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. ते शिरताना सगळ्या अंगात गरम वाफ गेल्यासारखं होतं, तोंडाला धातूची चव येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. बायका शरमेनं गप्प बसतात, त्यांना वाटतं कपडे खराब झाले. तसं झालेलं नसतं. हे आधी सांगायला अर्धा मिनिट लागतो. पूर्वी अशा औषधानं अंगावर पुरळ आलं असेल, दम लागला असेल, दमा असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. आणि बाळ अंगावर पीत असेल तर त्याला तोडायची सहसा गरज नसते.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, प्रचंड ताकदीचा चुंबक असतो. बोगद्यासारख्या जागेत अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहावं लागतं. ठोकल्यासारखा मोठा आवाज येतो, म्हणून कानात घालायला बोळे देतात. हातात दाबायचा एक फुगा देतात. जीव घाबरला तर तो दाबायचा, म्हणजे माणूस येतो. हा फुगा मागून घ्या. चुंबक कायम चालू असतो, रात्रीसुद्धा. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात नातेवाइकाबरोबर आलेला एक तरुण ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन या खोलीत गेला. सिलिंडरसकट तो यंत्राकडे खेचला गेला आणि मेला. त्यामुळे बरोबर जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवायचं, की स्ट्रेचर ओढायला किंवा सिलिंडर उचलायला कोणी सांगितलं तरी त्या दारातून आत न्यायचं नाही.

बांगड्या, जोडवी, चमकी, केसांच्या पिना, पदराची सेफ्टी पिन, हूकवाली बॉडी, जरीची साडी, सगळं बाहेर ठेवायचं. मंगळसूत्रसुद्धा. इथे बायका अडतात. सोबत सासू असेल तर जास्तच अडतात. त्यांना सांगा, मंगळसूत्र काढल्यानं नवऱ्याच्या आयुष्याला काही होत नाही. धातू आत नेल्यानं आपल्या जिवाला मात्र होऊ शकतं. अंगात पेसमेकर, क्लिप, सळी, प्लेट असेल तर सांगायचं. कॉपर-टी असेल तर तेही सांगायचं. त्यामुळे सहसा तपासणी अडत नाही, पण तंत्रज्ञाला माहीत हवं.

स्तनांच्या एक्स-रेला मॅमोग्राफी म्हणतात. त्यात प्रत्येक स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबतात. दुखतं. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात केली तर कमी दुखतं. त्या दिवशी काखेत पावडर लावून जाऊ नये, चित्रात तिचे ठिपके दिसतात. चाळिशीच्या आतल्या बाईला बहुधा आधी सोनोग्राफी सुचवतात.

खोलीत आपण कोण असतो?

खोलीत गेल्यावर बाई 'पेशंट' होते, आणि बऱ्याचदा नुसता नंबर होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली रुग्ण हक्कांची सनद तयार केली. २०१९ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं ती राज्यांना पाठवली. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत रुग्ण हक्कांचा समावेश केला. या सनदेतल्या चार गोष्टी पाठ करून ठेवा. पहिली, तपासणी काय आहे, कशासाठी आहे, धोका काय, खर्च किती, हे कळणाऱ्या भाषेत समजून घ्यायचा हक्क. दुसरी, पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर खोलीत दुसरी बाई असण्याचा हक्क. तिसरी, खाजगीपणाचा आणि सन्मानाचा हक्क. चौथी, तपासणी कुठे करायची हे ठरवण्याचा हक्क. 'त्याच सेंटरला जा, दुसऱ्याचा रिपोर्ट चालणार नाही' असं डॉक्टर म्हणाले, तर का ते विचारा. कट प्रॅक्टिस हा शब्द आपल्याकडे उगाच रूढ झालेला नाही.

व्यवहारात याचा अर्थ काय? मांडीचा एक्स-रे असेल तर ब्लाउज काढायची गरज नाही. गाऊन स्वच्छ हवा आणि त्याच्या नाड्या शाबूत हव्यात. पडदा हवा. खोलीत जास्तीचे लोक असतील, शिकाऊ विद्यार्थी असतील, तर ते कोण आहेत हे विचारता येतं. मोबाईल घेऊन कोणी उभा असेल तर त्याला बाहेर जायला सांगता येतं. एचआयव्ही असलेली बाई, धंदा करणारी बाई, तृतीयपंथी व्यक्ती, अपंग बाई, बुरख्यातली बाई, यांना सगळ्यांच्या शेवटी उभं करणं किंवा हातमोजे घालून खेकसणं हा भेदभाव आहे, आणि तो सनदेच्या विरुद्ध आहे.

मार खाऊन आलेल्या बाईबद्दल दोन शब्द. 'जिन्यावरून पडले' असं ती नवऱ्यासमोर सांगते. एक्स-रेच्या खोलीत मात्र नवरा नसतो. ती काही मिनिटं एकटी असते. आपल्या ओळखीच्या नर्स, तंत्रज्ञ, आया यांना सांगून ठेवा, की त्या वेळी तिला हलक्या आवाजात विचारा, 'घरी कोणी मारलं का?' आणि मोडलेल्या हाडाचा एक्स-रे हा मोठा पुरावा आहे हे लक्षात ठेवा. कायद्यात हाड किंवा दात मोडणं ही साधी नव्हे, 'गंभीर दुखापत' आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ११६ मध्ये आहे. म्हणून केसपेपरवर मारहाणीची नोंद आणि फिल्मवर नाव व तारीख आहे ना, हे बघूनच दवाखाना सोडायचा.

गरोदरपणातली सही

दिवस गेलेल्या बाईची सोनोग्राफी करताना 'एफ' फॉर्म भरतात. त्यावर 'मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' असं बाईचं निवेदन असतं आणि 'मी ते सांगितलेलं नाही' असं डॉक्टरांचं. सही किंवा अंगठा बाईचा लागतो. नवऱ्याच्या सहीची अट कायद्यात नाही. अंगठा घेण्याआधी फॉर्म वाचून दाखवायला सांगा. केंद्राचा नोंदणी दाखला आणि 'इथे गर्भलिंग सांगितलं जात नाही' हा मराठी फलक दिसेल अशा जागी हवा. लिंग शब्दानं, खुणेनं किंवा आणखी कुठल्याही प्रकारे सांगायला बंदी आहे. म्हणजे पेढे की जिलेबी ही भाषाही गुन्हाच. आणि बाईवर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी दबाव आणला असं कायदा गृहीत धरतो. तिला आरोपी समजायचं नाही.

याच कायद्याचा धाक दाखवून कुठे कुठे बायकांना गर्भपात नाकारतात. आपण स्पष्ट असलं पाहिजे. लिंग निवडीला बंदी आहे, गर्भपाताला नाही. १९७१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारला. त्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत, आणि काही ठराविक परिस्थितीतल्या बायकांना चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे, आणि सज्ञान बाईला नवऱ्याची संमती लागत नाही. बाळात काही दोष आहे का हे बघणारी सोनोग्राफी साधारण अठरा ते वीस आठवड्यांत होते. ती उशिरा झाली तर निर्णयाला वेळ उरत नाही. म्हणून तारीख आपण लक्षात ठेवायची. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची सोनोग्राफी मोफत आहे. त्यासाठी पैसे मागितले तर पावती मागा.

रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाईला पांढरं पाणी जातं, कंबर दुखते, म्हणून ती खाजगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. रिपोर्टवर बोट ठेवून सांगतात, 'पिशवी सुजली आहे, गाठ आहे, उद्या कॅन्सर होईल, काढून टाका.' ती उचल घेते, दागिने मोडते आणि तिशीतच पिशवी काढून बसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या बाबतीत हे इतकं उघड झालं, की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिथे आजाराच्या जोडीला मुकादमाचा दंड होता, फडावर संडास नव्हता, पाळीत सुट्टी नव्हती. सोनोग्राफीच्या कागदात यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून रिपोर्टातले काही शब्द शिकून घेऊ. 'बल्की युटेरस' म्हणजे गर्भाशय नेहमीपेक्षा थोडं मोठं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईत ते असतंच. 'सिंपल सिस्ट' म्हणजे बीजांडकोशावरची पाण्याची पिशवी. लहान असेल तर पाळी येणाऱ्या वयात ती बहुतेक वेळा आपोआप जिरते, काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं असतं. 'नॅबोथियन सिस्ट' निरुपद्रवी असते. 'पीओडीत थोडं पाणी' हेही पाळीच्या चक्रात दिसू शकतं. नुसत्या या शब्दांवर ऑपरेशन होत नाही. आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर शोधायची चाचणी सोनोग्राफी नाहीच. त्यासाठी पॅप, एचपीव्ही किंवा व्हीआयए ही वेगळी साधी तपासणी असते. ती न करताच कॅन्सरची भीती घातली असेल तर सावध व्हा.

पण सगळं खोटंच असतं असंही समजू नका. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातंय, स्तनात न दुखणारी गाठ लागली, तर एक दिवस थांबायचं नाही.

ऑपरेशन सुचवलं तर विचारा: आजाराचं नाव काय? औषधानं बरं होणार नाही का? थांबलं तर काय होईल? बीजांडकोशही काढणार का? कागद लिहून द्या, मी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवते. तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती नसते, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईची पिशवी काढली होती, आणि फॉर्मवर सही होती तीही तिच्या आईची. अनावश्यक गर्भाशय काढण्याबद्दल एप्रिल २०२३ मध्येही न्यायालयानं राज्यांना मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितली आहेत. कागदांचं म्हणाल तर रुग्णानं मागितल्यावर बहात्तर तासांत नोंदी द्यायच्या, असा नियम वैद्यकीय परिषदेनं २००२ मध्येच केला होता.

आपण काय करायचं?

परत गेल्यावर प्रत्येक गटानं चार कामं घ्यावीत.

एक. प्रत्येक बाईची एक पिशवी करा, साधी कापडी. त्यात तिचे केसपेपर, फिल्म, रिपोर्ट. ती तिच्या ट्रंकेत राहील, मालकांच्या कपाटात नाही.

दोन. सोबतीण ठरवा. तपासणीला जाणाऱ्या बाईबरोबर गटातली एक जण जाईल आणि प्रश्न विचारायला मदत करेल. उत्तर बाईनंच द्यायचं, सोबतिणीनं नाही.

तीन. महिन्यातून एकदा रिपोर्ट वाचायची बैठक घ्या. एखाद्या विश्वासू डॉक्टर मैत्रिणीला बोलवा. ज्या बाईचा रिपोर्ट तिची परवानगी असेल तरच तो सगळ्यांपुढे वाचायचा.

चार. आपल्या भागातल्या सोनोग्राफी केंद्रांवर फलक, दाखला, दरपत्रक आहे का ते बघा. नसेल तर समुचित प्राधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. कायद्यातल्या सल्लागार समितीवर महिला संघटनेची प्रतिनिधी असावी लागते. ती कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आणि प्राधिकाऱ्यानं दखल घेतलीच नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन तुमच्या संघटनेला थेट न्यायालयात तक्रार करता येते. कलम २८ मध्ये ती सोय आहे. ती फारशी कोणी वापरत नाही.

हे सगळं एका दिवसात होणार नाही. पण पुढच्या वेळी कोणी विचारलं, 'तुझ्या सोनोग्राफीत काय निघालं?' तर आपल्या गटातल्या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगावं. एवढं झालं तरी आजचं सत्र कारणी लागलं असं मी म्हणेन. आता तुमचे प्रश्न घेऊ या.